सियागंज, विजयनगर, बडोदा: तीन ब्रांचा, हिशोब एकच
इंदूरात सियागंजला होलसेल, विजयनगरला शोरूम आणि वर बडोद्याला एक ब्रांच असा पसारा असेल ना, तर बिलिंगच्या सिस्टममधला आयटम मास्टर (सगळ्या मालाची मूळ यादी) एकाच जागी ठेवा, म्हणजे नवा आयटम फक्त हेड ऑफिसच उघडणार, ब्रांचवाल्यांनी नुसतं बिल करायचं. नाहीतर एकीकडे 'तूरडाळ 1 किलो' आणि दुसरीकडे 'तुवर दाल 1 केजी' होतं, स्टॉक दोन नावांत फाटतो आणि अकाउंटंट बिचारा महिनाअखेरीला रात्र रात्र बसतो. नावावर भरवसा नकोच, प्रत्येक वस्तूला कोड द्या आणि तो कधीच बदलू नका.

पार्टीची, म्हणजे ज्याच्याशी देणंघेणं आहे त्या व्यापाऱ्याची, ओळख जीएसटी नंबरवरून. 15 अक्षरी असतो, पहिले 2 आकडे राज्याचे (मध्यप्रदेश 23, गुजरात 24), पुढची 10 अक्षरं पॅनची.

बिलाच्या नंबरांची सिरीज प्रत्येक ब्रांचची वेगळी ठेवा, नेट बंद पडलं तरी नंतर सिंक करताना (सगळ्या ब्रांचांची बिलं एकत्र जुळवताना) नंबर धडकत नाहीत. पूर्ण नंबर 16 अक्षरांपेक्षा मोठा नको, नियमच आहे.

खरी गडबड ट्रान्सफरमध्ये, म्हणजे एका ब्रांचचा माल दुसरीकडे पाठवताना होते. इथला स्टॉक कमी झाला, बडोद्याला अजून चढला नाही आणि ट्रक आहे दाहोदला, मग माल कुणाचा? त्यासाठी सिस्टममध्ये 'रस्त्यात' नावाचं वेगळं गोडाऊन उघडा, तिकडच्याने मोजून घेतल्यावरच तिथून पुढे सरकवा. आणि राज्य बदलतंय म्हणून इथे नुसतं चलान (माल पाठवल्याचा कागद) चालत नाही, टॅक्स इनव्हॉइसच लागतो.

रोज दुकान वाढवायच्या आधी क्लोजिंग (दिवसअखेरची शिल्लक) जुळवा, फरक आला तर आकडा गुपचूप बदलू नका, कारण लिहून वेगळी एंट्री टाका.