घरी कोरकू, शाळेत मराठी : पहिलीच्या शिक्षकांसाठी

मेळघाटात पहिलीचा वर्ग हाती घेणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या घरी कोणती भाषा बोलली जाते, हे आधी पालकांना भेटून विचारावे; जनरल रजिस्टरमधील मातृभाषेच्या रकान्यावर विसंबून राहू नये. एकाच वर्गात कोरकू, गोंडी आणि वऱ्हाडी बोलणारी मुले असू शकतात, आणि या तिन्ही बोलींची भाषाकुळेही वेगवेगळी आहेत.

याचा परिणाम रोजच्या पाठात दिसतो. कोरकूत नामांची विभागणी मुख्यतः सजीव आणि निर्जीव अशी होते, त्यामुळे मराठीतले स्त्रीलिंग-पुल्लिंग त्या मुलाला सर्वस्वी नवे असते. ‘आई बाजारातून आला’ असे ते म्हणते, तेव्हा ते निष्काळजीपणा करत नसते, तर घरच्या भाषेचा नियम चोख पाळत असते. अशा वेळी शिक्षकाने त्याला मध्येच तोडू नये आणि वर्गालाही हसू देऊ नये. ‘हो का, आई आली? काय घेऊन आली?’ असे विचारत योग्य रूप त्याच्या कानावर पडू द्यावे. मूल बोलते राहिले, तरच ते रूप त्याच्या तोंडी बसेल. वऱ्हाडी मुलाच्या ‘मले’लाही चूक ठरवू नये, लेखनात ‘मला’ कुठे वापरतात, तेवढे दाखवावे.

शिक्षकाला कोरकू येत नसेल, तर अंगणवाडी सेविकेची किंवा वरच्या वर्गातील मुलांची मदत घ्यावी. चित्रावरील गप्पा आधी कोरकूत होऊ द्याव्यात, मुलाने सांगितलेले एखादे वाक्य देवनागरीत फळ्यावर लिहावे आणि आपला उच्चार मुलांकडून तपासून घ्यावा. बेरीज-वजाबाकीची चर्चाही मुलांनी गटात आपल्या भाषेत करावी.

यामुळे मराठी मागे पडेल, अशी भीती काही पालकांना वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांना सांगावे की, मराठी शिकवायचीच आहे, पण समजलेल्या गोष्टीच्या आधाराने. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही, व्यवहार्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे, असे म्हटले आहे.

मूल्यमापनात मात्र विशेष जपावे. वर्णनात्मक नोंदीत ‘मराठी कच्ची’ असा शेरा न मारता, ‘गोष्ट कोरकूत सलग सांगतो, मराठीत दोन-तीन वाक्ये जुळवतो’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला नेमकी सुरुवात कोठून करायची, ते कळेल.