आधी हद्द, मग खुनी: ठाण्याच्या खाडीवरची पोलीस-थरारकथा कशी लिहावी

सीरियल किलरची गोष्ट लिहायला बसलेला माणूस सगळ्यात आधी खुनी रंगवतो. त्याचं बालपण, त्याचा चाकू, भिंतीवर काहीबाही लिहून ठेवायची त्याची खोड. मीही असाच एक सव्वाशे पानांचा खर्डा रद्दीत घातला. तुम्ही नकाशापासून सुरुवात करा.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर विटावा मागे टाकून दिघ्यात शिरलात की पोलीस आयुक्तालय बदलतं: मागे ठाणे शहर, पुढे नवी मुंबई. रुळांवर काही घडलं तर ते लोहमार्ग पोलिसांचं. म्हणजे कळव्याच्या खाडीत एक, रुळांवर एक आणि ऐरोलीच्या तिवरांत एक अशी तीन प्रेतं तीन वेगळ्या दप्तरांत जातात, आणि सुरुवातीला तिन्हीकडे 'अकस्मात मृत्यू' एवढंच नोंदलेलं असू शकतं. हात एकच आहे, हे कुणालाच दिसत नाही. कथेचं निम्मं रहस्य इथे फुकटात मिळतं. तेव्हा कागदावर हद्दी आखा आणि प्रत्येक प्रेत कुणाच्या वाट्याला गेलं ते लिहा.

मग जोडी. एक तापट, एक शांत, ही जोडगोळी आता शिळी झाली. स्वभावापेक्षा दोघांची माहिती वेगळी ठेवा. समजा, ऐरोलीचं प्रेत जिच्या वाट्याला आलं ती रबाळे पोलीस ठाण्याची तरुण पीएसआय आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेला लोहमार्गचा हवालदार, मूळचा विटाव्याचा कोळी. रुळांवरच्या प्रेताच्या मनगटावर त्याने नायलॉनच्या दोरीचा वळ पाहिलाय, तसाच तिच्या वाट्याच्या प्रेतावरही आहे. तो तिचा हाताखालचा माणूस नाही, म्हणून किरकोळ रजा टाकून आलाय. तिला सीडीआर, म्हणजे मोबाइलच्या कॉलची नोंद, वाचता येते; त्याला खाडी.

"मामा, इथेच मारला असेल?"

"नाय मॅडम. शर्ट फांदीला किती वर अडकलाय बघा. मानूस तिथं कसा चढंल? रातच्या भरतीनं आनून सोडलाय."

यापुढचं काम सगळ्यात मजेचं, आणि बहुतेक लेखक तेच टाळतात. भरती-ओहोटीचा तक्ता घ्या. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं. आता खुनांच्या तारखा त्यावर बसवा. पीएसआयच्या वरिष्ठांना वाटतंय की दर पंधरवड्याला खून, म्हणजे माणूस चंद्र बघून पिसाळणारा. खरं कारण रोकडं आहे: प्रेत दुसऱ्याच्या हद्दीत वाहून जायला त्याला उधाणाचं पाणी लागतं. हे कोळ्याच्या पोराला कळतं, फाइल वाचणाऱ्याला नाही. तारखा आधी ठरवून मग तक्ता बघाल, तर फसाल. माझं तसंच झालं; ऐन ओहोटीत प्रेत वर चढलं होतं.

पोलीस आणि खुनी यांच्यात बुद्धिबळाचे डाव फार मांडू नका. मुंबईचा कुप्रसिद्ध सीरियल किलर रमन राघव ऑगस्ट १९६८ मध्ये सापडला तो अ‍ॅलेक्स फियालो या फौजदाराने त्याला रस्त्यात ओळखलं म्हणून.

कलमं तपासा. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं १०३, त्याआधीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२.

आणि शेवट चौकशीच्या खोलीत करू नका. पोलिसांपुढची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. त्याने सांगितलं आणि त्यावरून दोरी सापडली, तर सापडण्यापुरतं सांगणं चालतं. त्यासाठी निवेदन पंचनामा, म्हणजे त्याचं सांगणं पंचांसमोर लिहून घेणं, आणि पंचनाम्याला दोन पंच. रात्री अडीचला पंच कुठून आणणार? तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधून. तिथे तेव्हा गाड्या रिकाम्या होत असतात. आरोपी जीपमध्ये बसलाय, खाडीला पाणी चढायला लागलंय, आणि डोक्यावरची गोणी न उतरवता एक माथाडी विचारतो, "साहेब, कोर्टात किती वेळा यावं लागंल?"

हवालदार खरं सांगतो की नुसता चहा पुढे करतो, ते तुम्ही ठरवा.