जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग अडखळतंय? या चुका टाळा

रेकॉर्डिंगमध्ये मध्येच ‘टक्’ वाजलं किंवा एखादं अक्षर गिळलं गेलं, की बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: मशीन म्हातारं झालं, रॅम वाढवा. घाई करू नका. ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे सॅम्पल्स) आणि २४ बिटवर एका माइकचा आवाज साठवायला सेकंदाला जेमतेम १३० केबी लिहावे लागतात. जुनाट हार्ड डिस्कलाही ते सहज झेपतं. घोळ होतो तो वेळेचा. साउंड कार्ड आवाज तुकड्या-तुकड्यांनी देतं आणि पुढचे तुकडे येऊन साचण्याआधी प्रोसेसरने आधीचा उचलायला हवा. नेमका तेव्हा तो दुसरीकडे गुंतला असेल, तर तुकडा गेला.

आधी वेव्हफॉर्म, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये दिसणारी आवाजाची लाट, झूम करून बघा. लाटेची टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट असतील तर दोष गेनचा (माइकचा आवाज किती वाढवून घेतला जातो त्याचा) आहे, कॉम्प्युटरचा नाही. माइकचा गेन उतरवा, सर्वांत मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. लाट मध्येच तुटून उभी उडी मारत असेल, तर मात्र तुकडा हरवला आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

सर्वांत मोठी चूक बफरची, म्हणजे या तुकड्याच्या आकाराची. कुणीतरी सांगितलेलं असतं, बफर जितका लहान तितका हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज यायला उशीर कमी, म्हणून लोक तो ६४ सॅम्पल्सवर नेऊन ठेवतात. म्हणजे प्रोसेसरला प्रत्येक तुकड्यासाठी दीड मिलिसेकंदही मिळत नाही. जुन्या मशीनकडून ही अपेक्षा म्हणजे छळ आहे. ५१२ किंवा सरळ १०२४ ठेवा. १०२४ ला साधारण २३ मिलिसेकंद मिळतात. मग हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येईल, पण तो कॉम्प्युटरमधून फिरवून ऐकायचाच कशाला? ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) डायरेक्ट मॉनिटरिंगची, म्हणजे माइकचा आवाज तिथूनच थेट ऐकण्याची सोय असेल तर ती चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद. नुसतं निवेदन करायचं असेल तर हेडफोनची तशीही गरज नाही.

९६ किलोहर्ट्झचा मोहही सोडा. डेटा दुप्पट होतो आणि त्याच बफरला वेळ निम्मा मिळतो. बोलण्यासाठी ४४.१ किंवा ४८ भरपूर झालं. फक्त जो आकडा ठरवाल तोच विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्येही ठेवा, नाहीतर रूपांतराचं फुकटचं काम मागे चालू राहतं.

ब्राउझर बंद केला म्हणजे झालं, हाही गैरसमज. खरा उपद्व्यापी बऱ्याचदा वाय-फायचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) असतो. तो प्रोसेसरला मधूनमधून अडवून धरतो आणि टास्क मॅनेजरमध्ये त्याचा मागमूस नसतो. डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय आणि ब्लूटूथ डिसेबल करून दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाहा. तरीही टक-टक थांबली नाही तर ‘लेटन्सीमॉन’ (LatencyMon) हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, कोणता ड्रायव्हर आडवा येतोय ते नावानिशी दिसतं. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर हवा. यूएसबी माइक हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावा.

रेकॉर्ड करतानाच रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) आणि नॉइज रिडक्शन लावू नका. ते नंतर निवांत करता येतं. ब्लूटूथ हेडसेटचा माइक तर नकोच. तो चालू होताच हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज फोनवरच्यासारखा चपटा होतो. मग शिव्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला.

सलग घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर बॅटरीवरच रेकॉर्ड करा, पण बॅटरीवर पॉवर मोड आपोआप खाली घसरला नाही ना, ते तपासा. आणि पहिली काही मिनिटं स्वच्छ जाऊन मगच त्रास सुरू होत असेल, तर सेटिंग चिवडत बसू नका. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. पंखा साफ करून घ्या आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा.