बडोद्याच्या उन्हाळ्यात घरचं आइसक्रीम: ओट्यावरच्या मशीनचं तंत्र

बडोद्यात संच्याचं आइसक्रीम नवं नाही. लाकडी पिंप, मधे उभा डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, आणि घरातली पोरं आळीपाळीने दांडा फिरवणारी. ओट्यावरचं विजेचं मशीन हेच काम करतं: मिश्रण थंड भिंतीला लागून गोठतं आणि पातं ते खरवडून परत मधे आणतं. बर्फाचे कण बारीक राहतात ते या खरवडण्यामुळे, आणि थोडी हवाही आत जाते. मशीनचा वाटा एवढाच. आइसक्रीम मऊ होणार की दाताला लागणार, हे बटण दाबण्याच्या आदल्या दिवशीच ठरलेलं असतं, पातेल्यात आणि फ्रीझरमध्ये.

मशीन दोन प्रकारचं मिळतं. स्वस्त प्रकारात दुहेरी भिंतीचं भांडं असतं. भिंतींच्या मधे जेल असतं आणि ते भांडं आधी फ्रीझरमध्ये गोठवावं लागतं. महाग प्रकारात मशीनलाच कॉम्प्रेसर असतो. तो फ्रीझरवर अवलंबून नसल्यामुळे लागोपाठ दोन-तीन घाणे काढता येतात. मात्र तो जड असतो, ओट्यावर जागा अडवतो आणि बाजूच्या जाळ्यांभोवती चार बोटं मोकळी जागा मागतो. आणताना आडवा झाला असेल तर किमान 12 तास उभा ठेवल्याशिवाय सुरू करू नये. मधेच वीज गेली आणि आली, तर लगेच चालू न करता पाच मिनिटं थांबावं, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो. महिन्यातून दोनदा आइसक्रीम करणाऱ्या घराला पहिला प्रकार पुरतो, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दल. कॉम्प्रेसरवाल्यांनी भांडं गोठवण्याचा भाग सोडून द्यावा. त्याऐवजी मिश्रण ओतण्यापूर्वी मशीन दहा मिनिटं रिकामं थंड होऊ द्यावं.

भांडं गोठवणं

सगळ्यात जास्त घाणे इथे वाया जातात. पुस्तिकेत 12 तास लिहिलेलं असतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना, दर दहा मिनिटांनी थंड पाण्यासाठी उघडणाऱ्या फ्रिजमध्ये 12 तासांत काही होत नाही. पूर्ण 24 तास धरा. फ्रीझर आदल्या रात्रीपासून सर्वांत थंड आकड्यावर ठेवा. आतलं तापमान उणे 18 अंशांच्या खाली हवं. भांडं धुऊन अगदी कोरडं पुसा, कारण आत राहिलेल्या थेंबांचा बर्फ होतो आणि पातं त्यावर अडकतं. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या भिंतीजवळ उभं ठेवा. दाराच्या कप्प्यात नाही, आणि मटारच्या पिशव्यांत दाबूनही नाही, हवा चारी बाजूंनी फिरली पाहिजे.

तयार झालं की नाही, हे कानाने कळतं. भांडं बाहेर काढून कानाजवळ जोरात हलवा. भिंतीत जराही डुचमळल्याचा आवाज आला तर परत आत. अर्धवट गोठलेल्या भांड्यात मिश्रण ओतलं की ते वीस मिनिटांनीही थंड दूधच राहतं, आणि मग त्या दिवशी फार काही करता येत नाही.

आणखी एक: अशा भांड्यातून दिवसात एकच घाणा निघतो. गणपतीत पंधरा पानं उठायची असतील तर दोन दिवस आधी एक आणि आदल्या दिवशी एक असा हिशेब धरा, किंवा जादा भांडं घेऊन ठेवा.

मिश्रण

दीड लिटरच्या भांड्यासाठी हे प्रमाण. वाट्यांऐवजी वजनकाटा वापरा, कारण साखरेत 30 ग्रॅमचा फरक पडला तरी आइसक्रीमचा पोत बदलतो.

6 टक्के फॅटचं दूध (अमूल गोल्ड) 500 मिली. 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम 250 मिली. साखर 130 ग्रॅम, ग्लुकोज पावडर 20 ग्रॅम, स्किम्ड दुधाची पावडर 35 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 8 ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचा, आणि चिमूटभर मीठ. शिजून याचं सुमारे 850 मिली मिश्रण होतं आणि घुसळल्यावर लिटरभराच्या आसपास आइसक्रीम. भांडं दोन तृतीयांशाहून जास्त कधीच भरू नये. एक लिटरचं भांडं असेल तर सगळं निम्मं करा.

या प्रमाणात फॅट 10 टक्क्यांच्या आसपास येतं. बाजारात 'आइसक्रीम' म्हणून विकायलाही किमान 10 टक्के दुधाचं फॅट लागतं. वनस्पती तेलाचं असेल तर त्या डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असतं. प्रत्येक जिन्नस कशासाठी आहे हे माहीत असलं की बदल करता येतात. साखर गोडीसाठी असते, पण पाण्याचा गोठणबिंदूही तीच खाली आणते, म्हणून साखर कमी केली की आइसक्रीम विटेसारखं कडक होतं. ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड, पण गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट खाली नेतं. गोडी न वाढवता मऊपणा हवा असेल तर तेच वाढवा. दुधाची पावडर मोकळं पाणी कमी करते. कॉर्नफ्लोअर उरलेलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे फ्रीझरमध्ये खडे उशिरा वाढतात. उपासाला चालायला हवं असेल तर त्याजागी आरारूट घ्या, पण 6 ग्रॅमच. दुधात ते जास्त झालं की बुळबुळीत लागतं.

जीएमएस (फॅट आणि पाणी एकजीव ठेवणारी) आणि सीएमसी (दाटपणा आणणारी) पावडर बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळते. एवढ्या मिश्रणाला जीएमएस 3 ग्रॅम आणि सीएमसी 1 ग्रॅम पुष्कळ झालं, मग कॉर्नफ्लोअर नको. सीएमसी कोरड्या साखरेत मिसळूनच घालावं, नाहीतर त्याच्या गाठी होतात आणि मिक्सरनेही मोडत नाहीत. चमचा भरून टाकलं तर आइसक्रीम च्युइंग गमसारखं ताणतं. घरगुती कामाला कॉर्नफ्लोअरच बरं.

घरच्या दुधाची साय वापरायचा मोह होतो. वापरा, पण ती गुठळ्यांची असते. कोमट दुधात मिक्सरमधून एकजीव केली नाही तर घुसळताना तिचं लोणी निघतं.

साखर, ग्लुकोज आणि दूध पावडर कोरडीच एकत्र करा, म्हणजे पावडरीच्या गुठळ्या होणार नाहीत. अर्धी वाटी गार दुधात कॉर्नफ्लोअर कालवून बाजूला ठेवा. उरलेलं दूध जाड बुडाच्या पातेल्यात कोमट करून त्यात कोरडं मिश्रण घाला, मग कॉर्नफ्लोअर, आणि मंद आचेवर तळ खरवडत ढवळा. 80 ते 85 अंशांवर पाच मिनिटं ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर कडेला बुडबुडे येऊ लागतात आणि डावाच्या पाठीला पातळ थर धरतो, बोट फिरवलं की रेघ तशीच राहते, तिथे थांबा. बासुंदीसारखं आटवू नका. गॅस बंद करून क्रीम आणि मीठ घालून घोटा, आणि गाळून घ्या.

आता घाई करायची. पातेलं परातीत ठेवून भोवती बर्फ आणि पाणी. नुसतं नळाचं पाणी चालत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात हात घालवत नाही, ते काय थंड करणार! ढवळत राहिलं की वीस मिनिटांत मिश्रण गार होतं. साय धरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद पृष्ठभागाला चिकटवून झाका आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. चार तास ही किमान मर्यादा. या वेळात फॅट घट्ट होतं, पावडर आणि कॉर्नफ्लोअर पाणी शोषतात, आणि सकाळी मिश्रण दाटसर दिसतं. 25 अंशांचं मिश्रण ओतलं तर भांड्यातली बरीचशी थंडी ते गार करण्यातच खर्च होते. मिश्रण 4 अंशांचंच हवं.

व्हॅनिला, वेलची आता घाला आणि चाखा. गार असताना किंचित जास्त गोड लागलं पाहिजे. गोठल्यावर जीभ बधिर होते आणि गोडी उतरते. केशराच्या काड्या मात्र आदल्या रात्री गरम दुधातच भिजवलेल्या हव्यात.

घुसळणं

सकाळी लवकर करा, किंवा एसीच्या खोलीत. गॅस पेटलेला असताना शेजारच्या ओट्यावर नको. भांडं फ्रीझरमधून काढलं की लगेच बसवायचं, पातं लावायचं, झाकण लावायचं, आधी मशीन सुरू करायचं आणि मग वरच्या तोंडातून मिश्रण ओतायचं. उलटं केलं तर मिश्रण भिंतीला पडताक्षणी गोठून पातं जाम होतं.

पहिली दहा मिनिटं काहीच झाल्यासारखं वाटत नाही. मग कडेने दाट होऊ लागतं, पात्यामागे पडलेली रेघ हळूहळू भरत येते, आणि 20 ते 30 मिनिटांत पातं फिरलं की रेघ तशीच उभी राहते. श्रीखंड चमच्यात धरतं तसं दिसलं की बंद करा. मोटरचा आवाज जड झाला किंवा पातं कट्कट् करत उलटं फिरायला लागलं, तरी बंद करा. यापुढे घट्ट होण्याची वाट पाहिली तर मिश्रण परत गरम व्हायला लागतं आणि क्रीमचं लोणी सुटतं. भाजलेले पिस्ते-बदाम शेवटच्या दोन मिनिटांत. ते आधी घातले तर पात्यात अडकतात.

मशीनमधून निघतं ते मऊ असतं, उणे 5-6 अंशांचं. तसंच खायला उत्तम. गोळे काढायचे असतील तर आधीपासून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या पसरट स्टीलच्या डब्यात भरून, वर बटर पेपर चिकटवून, चार ते सहा तास. उंच प्लास्टिकच्या डब्यात मधला भाग उशिरा गोठतो आणि खडे होतात.

केसर आणि सीताफळ

केसर आंबा मे-जूनमध्ये मुबलक असतो. 350 ग्रॅम रस घ्या. अर्धा मंद आचेवर आटवून 75 ग्रॅमवर आणा, उरलेला कच्चाच ठेवा. आटवलेल्याने दाटपणा येतो, कच्च्याने वास राहतो. दूध 500 वरून 350 मिलीवर आणा, साखर 100 ग्रॅम करा, बाकी तसंच. रस आणि दूध दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करायचं. गरम दुधात आंबट रस पडला की दूध फाटतं. हापूस पिकून अगदी गोड असेल तर साखर आणखी 10 ग्रॅमने कमी.

सीताफळाला आच दाखवायची नाही. गर तापवला की कडू होतो, आणि तो कडूपणा साखरेने झाकत नाही. दिवाळीच्या सुमारास खंडेराव मार्केटमधून फळ आणा, डोळे उघडलेलं आणि दाबल्यावर दबणारं. गर चाळणीवर हाताने मोकळा करा. मिक्सर लावायचा नाही, कारण बिया फुटतात. 250 ग्रॅम गर, दूध 350 मिली, साखर 90 ग्रॅम. दोन तृतीयांश गर गार मिश्रणात घाला आणि उरलेला, पाकळ्यांसकट, शेवटच्या मिनिटात.

ताजं अननस मात्र कच्चं घालू नका. त्यातलं एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतं आणि आइसक्रीम कडवट होतं. पाकात पाच मिनिटं उकळून घेतलं की चालतं.

बिघडलं तर

जिभेला रवाळ लागतंय? एक कण जिभेवर ठेवून थांबा. लगेच विरघळला तर तो बर्फ आहे: मिश्रण गार नव्हतं, भांडं अर्धं गोठलं होतं, किंवा फ्रीझरचं दार वारंवार उघडलं. वाळूसारखा तसाच राहिला तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. दूध पावडर जास्त झाली. पुढच्या वेळी 10 ग्रॅम कमी करा. या दोन दोषांवरचे उपाय वेगळे असल्यामुळे ही चाचणी केल्याशिवाय प्रमाणाला हात लावू नये.

टाळूला तुपकट थर बसतो तो जास्त घुसळल्यामुळे किंवा क्रीम वाढवल्यामुळे. चमचा शिरत नसेल तर ग्लुकोज 10 ग्रॅम वाढवा. साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या वापरल्या असतील तर दगडच होणार, कारण त्या गोडी देतात पण गोठणबिंदू खाली आणत नाहीत. रात्रभर ठेवूनही सैल असेल तर साखर किंवा फळ जास्त झालंय, किंवा फ्रीझरच थंड नाही. अर्धी वाटी पाणी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पाहा. सकाळी कडक बर्फ झाला नसेल तर दोष मिश्रणाचा नाही.

वितळलेलं आइसक्रीम परत गोठवू नका. मिल्कशेक करून त्याच दिवशी संपवा. चांगलं ठेवलेलंही आठवडा-दहा दिवसांत संपवलेलं बरं, मग खडे वाढतात.

भांड्यातून काढताना लाकडी किंवा सिलिकॉनची पळी वापरा. स्टीलच्या कालथ्याने आतला थर ओरखडतो. रिकामं भांडं लगेच पाण्याखाली धरू नका, पाणी आतच गोठतं. तासभर बाहेर ठेवून मग कोमट पाण्याने, मऊ फडक्याने धुवा. उकळतं पाणी आणि डिशवॉशर वर्ज्य. भिंतीतून निळसर पाणी झिरपताना दिसलं तर ते जेल आहे, ते भांडं तिथेच बाद.