ऑक्टोबरफेस्टला जाताय आणि जिओकॅशही शोधायच्यात? या चुका टाळा

म्युनिकमधल्या माझ्या पहिल्या ऑक्टोबरफेस्टला मी बव्हेरियापार्कातल्या एका झुडपात कोपरापर्यंत हात घालून उकिडवा बसलो होतो. जिओकॅश शोधत होतो. हा जीपीएसचा खेळ आहे: कुणीतरी, म्हणजे कॅशचा ‘मालक’, एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश नेटवर देतो आणि बाकीचे ती शोधून आतल्या कागदावर नाव लिहितात. मागून कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर दोन सुरक्षारक्षक. मला वाटलं, मी काहीतरी लपवतोय असा त्यांना संशय आला असणार. पण नाही, त्यांना वाटलं होतं की मी तिथे लघवीला बसलोय. जत्रेच्या दिवसांत झुडपाआड ‘मोकळं’ होणाऱ्यांसाठी बव्हेरियन बोलीत ‘विल्डबीस्लर’ असा खास शब्द आहे आणि त्यांना दंडही होतो. मी मोबाइलवरचा नकाशा पुढे केला आणि तुटक्या जर्मनमध्ये ‘इश झूखे आइनन जिओकॅश’ असं कसंबसं सांगितलं. एकजण हसला, दुसऱ्याने हातानेच ‘चला, निघा’ केलं. बाकावर बसून कॅशचं पान नीट उघडलं तेव्हा कळलं की मालकाने ती कॅश जत्रा संपेपर्यंत बंद ठेवली होती.

त्यानंतर दर सप्टेंबरात पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी येतं. ‘बिअर पिता पिता दोन-चार कॅश काढू’ असा त्यांचा बेत असतो. (घरच्यांना फोनवर ‘कॅश शोधायला चाललोय’ असं सांगू नका, ते पैशांची सोय करायला लागतात.) त्यांच्या बहुतेक चुका मी आधी करून चुकलोय.

कॅशचं पान न वाचता निघणं

जत्रा भरते ते टेरेझियनवीझे हे मैदान एरवी बहुतेक वेळ ओसाड असतं. १२ ऑक्टोबर १८१० रोजी राजपुत्र लुडविग आणि टेरेझे यांचं लग्न झालं, त्या सोहळ्यात इथे घोड्यांची शर्यत झाली आणि मैदानाला नववधूचं नाव मिळालं. म्युनिककर नुसतं ‘वीझन’ म्हणतात. १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी जत्रा सुरू होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. पण तंबू जुलैपासून उभे राहतात आणि उतरवायलाही काही आठवडे जातात. म्हणजे जत्रा दोन-अडीच आठवड्यांची असली तरी मैदान कित्येक महिने आपल्या उपयोगाचं नसतं. आसपासचे शहाणे मालक या काळात आपल्या डब्या बंद ठेवतात किंवा घरी नेतात.

त्यामुळे निघण्यापूर्वी शेवटचे चार-पाच लॉग, म्हणजे शोधणाऱ्यांच्या नोंदी, वाचा. नकाशावर खूण करडी दिसत असेल तर तिकडे जाऊच नका. लागोपाठ तिघांना सापडली नसेल तर चौथे तुम्ही होऊ नका.

मैदानाजवळ काही करायचंच असेल, तर जिथे डबीच नसते असे प्रकार निवडा. अर्थकॅशमध्ये दगड, भूरचना पाहून उत्तरं मालकाला पाठवायची असतात. हा प्रकार २००४ साली अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेबरोबर सुरू झाला. व्हर्च्युअल कॅशमध्येही एखादी वास्तू पाहून प्रश्न सोडवायचा असतो. व्हर्च्युअल मात्र थोड्याच आहेत, कारण २००५ नंतर त्या नव्याने मिळणं बंद झालं होतं आणि २०१७पासून मोजक्याच लोकांना बनवायला मिळाल्या. यांपैकी काहीही करताना झुडपात हात घालावा लागत नाही. मैदानाच्या पश्चिमेचा बव्हेरिया पुतळ्याखालचा गवताळ उतार पाहिल्यावर यातला फायदा कळेल. त्या उताराला लोक ‘कोट्सह्यूगल’, म्हणजे ओकारीची टेकडी म्हणतात. नाव सार्थ आहे.

सॅक घेऊन गेटवर उभं राहणं

कॅशरची सॅक म्हणजे टॉर्च, चिमटा, मल्टिटूल, हातमोजे, अदलाबदलीच्या वस्तू आणि पाण्याची बाटली. २०१६पासून तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. मापातच सांगायचं तर २० बाय १५ बाय १० सेंटिमीटर. चाकू चालत नाही, म्हणजे मल्टिटूलही गेलं. काचेची बाटलीही नाही. गेटवर हुज्जत घालून उपयोग नसतो. सामान हॉटेलवर किंवा मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका आणि खिशात फक्त एक बॉलपेन ठेवा. तेही चालतं का ते आधी कागदावर ओढून बघा.

बाकाखाली, कचरापेटीजवळ घुटमळणं

पुण्यात फूटपाथवर वाकून काही शोधणाऱ्याला लोक ‘काय हरवलं?’ विचारतात. इथे, या दिवसांत, कुणी विचारत बसणार नाही. २६ सप्टेंबर १९८० च्या रात्री मुख्य प्रवेशद्वाराजवळच्या कचरापेटीत ठेवलेला बॉम्ब फुटला. बॉम्ब ठेवणाऱ्यासह १३ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. त्या जागी स्मारक आहे. शहर ते विसरलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२५ला तर बॉम्बच्या धमकीमुळे जत्रा संध्याकाळी साडेपाचपर्यंत बंदच ठेवली होती.

म्हणून मैदानाच्या कुंपणाला लागून चुंबकी डबी चाचपडणं, खांबामागे हात फिरवणं, विजेच्या पेटीजवळ रेंगाळणं हे प्रकार जत्रेपुरते सोडून द्या. ट्रॅव्हल बग (एका कॅशमधून दुसरीत फिरवायची क्रमांकाची वस्तू) कुठे ‘तात्पुरता’ ठेवून जाणं तर मुळीच नको. बेवारस डबी दिसली की इथे पोलीस येतात आणि परिसर रिकामा होतो. कुणी विचारलंच, तर सारवासारव करू नका. अॅप उघडून दाखवा आणि ‘जिओकॅश’ हा शब्द बोला. जर्मनीत हा खेळ इतका पसरलाय की पोलिसांना तो बहुधा माहीत असतो. ‘मित्राची वाट बघतोय’ असं सांगून झुडपातून बाहेर येणारा मात्र जास्त अडकतो.

सतरा किलोमीटर चुकणं

ही चूक शांतपणे घडते आणि दिवस खाते. कॅशचे अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत दिलेले असतात. मैदानाच्या मधोमध, अंदाजे, उत्तर ४८° ०७.८९०, पूर्व ०११° ३२.९७६. बऱ्याच नकाशा-अॅपना नुसते दशांश अंश लागतात. तिथे आपला माणूस घाईत ४८.०७८९० आणि ११.३२९७६ असं टाकतो आणि बाण नैर्ऋत्येला पळतो. खरं रूपांतर करायला मिनिटांना साठने भागायचं. म्हणजे ४८.१३१५ आणि ११.५४९६. चुकलेला बिंदू खऱ्या जागेपासून सुमारे १७ किलोमीटरवर, ओबरफाफेनहोफेनच्या बाजूला पडतो. गंमत अशी की युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांचं एक नियंत्रण केंद्र तिथेच आहे. तेवढ्यासाठी जाणार असाल तर हरकत नाही.

अजून एक खोड. पूर्वेला इंग्रजीत ‘ई’ लिहितात, पण जर्मनमध्ये पूर्व म्हणजे ‘ओस्ट’, म्हणून कुठेकुठे नुसता ‘ओ’ असतो. तो शून्य समजून आकड्यांत घुसवू नका.

नेट गेलं म्हणजे जीपीएस गेला असं समजणं

लाखो माणसं एकाच वेळी फोटो पाठवत असली की नेट रांगतं. जीपीएसला नेट लागत नाही, लागतो तो नकाशा आणि कॅशची माहिती. आदल्या रात्री वायफायवर दोन्ही उतरवून घ्या. अँड्रॉइडवर सी:जिओ हे फुकट अॅप ते काम करतं. भुयारी मेट्रोतून वर आलात की बाण वेड्यासारखा फिरतो. उघड्या आकाशाखाली मिनिटभर थांबा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. शेवटच्या दहा मीटरांत बाणाकडे बघूच नका. ‘मी असतो तर कुठे लपवली असती’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

क्वेअरझुमेत पाय अडकणं

जर्मन मंडळींना सरळ डबी लपवण्यात फारसं सुख मिळत नाही. मल्टी आणि मिस्टरी कॅशमध्ये पाट्यांवरचे आकडे गोळा करायचे, गणित करायचं, मग पुढची जागा कळते. अशा एका फेरीसाठी मैदानापासून चालत जाण्याजोगी माझी आवडती जागा म्हणजे आल्टर झ्यूडफ्रीडहोफ, हे जुनं दक्षिण कबरस्तान. बव्हेरियाचा पुतळा घडवणारा श्वान्थालर आणि त्यामागची रूमेसहाले, म्हणजे कीर्तिमंदिर, बांधणारा क्लेन्त्से, दोघेही तिथे विसावलेत. शिळाछापाचा शोध लावणारा आलोइस झेनेफेल्डरही तिथेच आहे. शिळाप्रेसवर छापलेली मराठी पोथी ज्यांनी हाताळली असेल, त्यांनी त्याच्या कबरीपाशी क्षणभर थांबावं. आणि हो, कबरीवर पाय देऊन आकडे वाचू नका. जत्रेचा पोशाख घालून, मोठ्याने हसत तर तिथे जाऊच नका.

आता गणित. ‘क्वेअरझुमे’ म्हणजे अंकांची बेरीज. १८१० ची क्वेअरझुमे १+८+१+०, म्हणजे १०. पण ‘आइनश्टेलिगे’ म्हटलं असेल तर एक आकडा उरेपर्यंत बेरीज करत राहायची, म्हणजे उत्तर १. हा एक शब्द निसटला की अख्खी संध्याकाळ निसटते. दुसरा सापळा अक्षरांच्या किमतीचा. ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं धरून शब्दाची बेरीज करायची असते. म्युनिकचं जर्मन नाव घ्या. त्यातला दोन टिंबांचा ‘यू’ जर्मन पद्धतीने ‘यू-ई’ असा फोडला तर बेरीज ८३ येते, टिंबं विसरून नुसता ‘यू’ धरला तर ७८. फरक पाचाचा. अक्षांशाच्या शेवटच्या तीन अंकांत तो उत्तर-दक्षिण साधारण नऊ मीटरचा होतो, कारण मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर. पूर्व-पश्चिम तोच हजारावा भाग इथे सव्वा मीटरच्या आसपास भरतो. नऊ मीटर म्हणजे रस्त्याच्या पलीकडचं झाड, आणि त्या झाडात काहीही नसतं. कॅशच्या पानावर बहुधा लिहिलेलं असतं कोणती पद्धत धरायची. नसेल तर दोन्ही करून बघा. दशांशाच्या जागी इथे स्वल्पविराम असतो हेही ध्यानात ठेवा, ‘२,५ मीटर’ म्हणजे अडीच.

‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून तंबूतून उठणं

शनिवारी दुपारी मोठे तंबू भरले की दारं बंद होतात. मित्र आत, तुम्ही बाहेर. जवळच नवी कॅश आल्याचा निरोप मोबाइलवर वाजला म्हणून पहिलं नाव आपलं लागावं या हावेने मी एकदा उठलो. नाव लागलं नाही, जागाही गेली. आतल्या मंडळींनी माझा अर्धा कोंबडा संपवला. त्याचं दुःख लॉगपेक्षा जास्त टिकलं. एकतर सकाळी कॅश आणि दुपारी तंबू असा दिवस वाटून घ्या, नाहीतर सोमवार ते बुधवारपैकी एखाद्या सकाळी जा, तेव्हा बाकांवर जागा मिळते.

मास रिचवल्यावर चढाई किंवा स्कूटर

इथला ‘मास’ म्हणजे पूर्ण लिटर, आणि वीझनची बिअर नेहमीच्या बिअरपेक्षा जडच असते. त्यानंतर चारच्या वरची टेरेन (वाट किती अवघड याचा आकडा) असलेली, झाडावर चढायला लावणारी कॅश नको. त्याहून मोठी चूक म्हणजे रस्त्यावरची भाड्याची ई-स्कूटर उचलून ‘पुढची कॅश दोनच किलोमीटरवर आहे’ म्हणत निघणं. जर्मनीत ई-स्कूटरला मोटारीचेच दारूचे नियम लागतात. रक्तात ०.५ प्रमिल (हजारात अर्धा भाग) दारू असली तर दंड, १.१ला गुन्हा, आणि गाडीचा परवानाही जाऊ शकतो. बहुतेकांना पहिली मर्यादा ओलांडायला एकच मास पुरतो. जत्रेच्या रात्री पोलीस याच स्वारांची वाट पाहत उभे असतात.

‘हाल्ब झीबन’ला साडेसात समजणं

स्थानिक कॅशर महिन्या-दोन महिन्यांनी गप्पांसाठी जमतात, त्याला श्टामटिश म्हणतात. पाहुण्यांना मनापासून घेतात. पण फोनवर कुणी ‘हाल्ब झीबन’ म्हटलं तर ते साडेसहा, सातला अर्धा तास कमी. आपल्या ‘साडे’च्या सवयीने मी साडेसातला पोचलो तेव्हा बिलं मागवणं चाललं होतं.

लॉग लिहिण्याची घाई

रात्री तंबूत बसून दिवसभराच्या नोंदी करू नका. शेजारच्या कॅशवर ‘सापडली’ म्हणून लिहिलं जातं आणि मग मालक कागदाशी ताडून ते पुसतो. सकाळी चहाबरोबर लिहा, शेवटी ‘डीएफडीसी’ टाका, म्हणजे ‘कॅशबद्दल धन्यवाद’. सापडली नसेल तर तसंही प्रामाणिकपणे लिहा. बव्हेरियापार्कातल्या त्या झुडपावर मी ‘कसून शोधलं, सुरक्षारक्षकांसह’ असं लिहिलं होतं. दोन दिवसांनी मालकाचा निरोप आला. डबी त्याच्या घरी, मोज्यांच्या खणात होती.