जनावर दगावलं तर: पावसाआधी करून ठेवायची कामं

सुरुवात कानातल्या बिल्ल्यापासून करा. बारा आकडी पिवळा बिल्ला नसेल किंवा गळून पडला असेल, तर मृग निघण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून मारून घ्या. टॅग नसलेलं जनावर नैसर्गिक आपत्तीत दगावलं तर भरपाई द्यायची नाही, असं महाराष्ट्र सरकारने 2024 मध्येच ठरवलंय. शेळ्या-मेंढ्यांनाही हेच लागू, त्यांना कशाला बिल्ला म्हणून सोडू नका. बाजारातून आणलेली गाय 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन नोंदणीत कुणाच्या नावावर आहे तेही विचारून घ्या. नोंद जुन्या मालकाचीच राहिलेली असते आणि घोळ निघतो तो नेमका पंचनाम्याच्या दिवशी. नोंद बदलली की प्रत्येक जनावराचा बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असा फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवा. डेअरीच्या दुधाच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर. पुरात जनावर वाहून गेलं तर शवविच्छेदनाला काही उरत नाही. तेव्हा ते आपल्या दावणीला होतं हे दाखवायला हाच पुरावा कामी येतो.

मिळणार किती, हेही आधीच माहीत असू द्या. 2022-23 ते 2025-26 साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500 रुपये, ओढकामाच्या बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000 असे दर होते. कोंबडीला 100 रुपये, पण एका कुटुंबाला 10,000 च्या वर नाही. मोठी दुधाळ जनावरं तीनपर्यंत, शेळ्या-मेंढ्यांसारखी लहान तीसपर्यंत. 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्याने ती तीनची अट काढली होती, पण दरवेळी निघेलच असं धरू नका. चांगल्या म्हशीची बाजारातली किंमत पाहता ही रक्कम तोकडीच आहे, म्हणून पशुधन विमा वेगळा काढा.

जनावर दगावलं की त्याच दिवशी तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकारी, दोघांनाही कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. वास सुटला, शेजारी कुरकुरले, म्हणून घाईने खड्डा केला की दावा तिथेच लंगडा पडतो. पुरताना खड्डा खोल घ्या, विहिरीपासून लांब, चुना टाकून. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा: जनावराचा प्रकार, वय, बिल्ल्याचा क्रमांक. दुभत्या म्हशीची 'वगार' (न व्यालेली तरुण म्हैस) लिहिली गेली तर रक्कम बरीच खाली येते. गोठा पडला असेल तर तोही लिहायला लावा, वरच्या निकषांत त्याचे 3,000 रुपये वेगळे होते.

बिबट्याने मारलं तर मात्र वनविभागाकडे जायचं, तारेचा शॉक लागला तर वीज कंपनीकडे. ही दारं वेगळी आहेत.

पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आजच पाहा. जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे अडकतात. मदत मिळणाऱ्यांची यादी लागली की तिच्यातला आपल्या नावाचा विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जा, लागत असेल तर ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करा आणि पावती मागून घ्या. खातेदार म्हातारे असतील आणि बोटांचे ठसे उमटत नसतील, तर आधार केंद्रात ते अद्ययावत करायचं काम उन्हाळ्यातच उरकून टाका.