शेणाच्या स्लरीतून हायड्रोजन काढताना लोखंडाचे नॅनोकण किती अन् कसे टाकायचे

भावांनो, मागच्या हिवाळ्यापासून आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये हा प्रयोग करून राहिलो, दोनदा फसला मंग जमला, जसं केलं तसं सांगतो.

शेणात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू असतात, हवा नसली की ते साखर फोडून हायड्रोजन सोडतात. हे काम करणारं एन्झाइम हायड्रोजनेज, त्याच्या गाभ्यात लोखंड असते, म्हणून लोखंडाचे बारीक कण बेतानं दिले तर गॅस वाढते.

गोबरगॅसची स्लरी गाळून अर्धा तास उकळा, हे टाळूच नका, कारण मिथेनवाले जंतू जिवंत राहिले तर तयार झालेला हायड्रोजन तेच खाऊन टाकतात, उकळल्यावर ते मरतात अन् क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू वाचतात. थंड झाल्यावर ५० मिली स्लरी, ४५० मिली पाणी, ५ ग्रॅम गूळ, पीएच ६ च्या आसपास, ३५ ते ३७ डिग्री. आम्ही आधी संत्र्याची सालं टाकली होती, फुकट भेटतात म्हणून, बुडबुडासुद्धा नाही आला. सालीच्या तेलातलं लिमोनीन जंतूंले मारते.

आता कण. फेरिक क्लोराइड अन् हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवा, फेरिक लोखंड दोन वाटे, फेरस एक वाटा, मंग हलवत हलवत अमोनिया थेंबथेंब सोडा (खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा, केमिस्ट्रीचे सर सोबत). नारिंगी पाणी पाहता पाहता काळंकुट्ट होते, बीकरले बाहेरून चुंबक लावलं की सगळा काळा गाळ काचेले घासत तिकडं सरकते. हेच मॅग्नेटाइट, लोखंडाचं चुंबकाले चिकटणारं ऑक्साइड, म्हणजेच आपले नॅनोकण. चार-पाच वेळा धुवा पण वाळवू नका, गोळे होतात अन् भुकटी नाकात जाते. फक्त १० मिली वेगळं वाळवून तोला, म्हणजे पाण्यात किती माल आहे ते समजते.

लिटरले ५०, १०० अन् २०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या बाटल्या लावा, प्रमाणाबाहेर गेलं की जंतूच दबतात. एक बाटली बिनलोखंडाची. अन् अजून एक साध्या हिराकसची, ही लावाच, आपण पिवळ्या पडलेल्या संत्र्यावर फवारतो तेच हिराकस. १०० मिलिग्रॅम मॅग्नेटाइटमध्ये लोखंड ७२, तेवढ्यासाठी हिराकस ३६० मिलिग्रॅम लागते. ही बाटली नसली तर फायदा नॅनोचा का नुसत्या लोखंडाचा, हे कधीच कळणार नाही.

बुचातून सलाइनची नळी काढून कॉस्टिक सोड्याचं पाणी भरलेल्या उलट्या बाटलीत सोडा, कार्बन डायऑक्साइड तिथंच मुरते, उरलेला गॅस मोजा. पीएच ५ च्या खाली गेला तर बूच न उघडता सिरिंजनं खायच्या सोड्याचं पाणी द्या, सगळ्या बाटल्यांले सारखंच. बाटली पॅक बंद ठेवू नका, जवळ काडी पेटवू नका, हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की भडका होते.

गॅस थांबल्यावर उरलेलं आंबट पाणी थोडं थोडं करून परत गोबरगॅसमध्ये ओता, त्यातल्या आम्लाचा मिथेन होते.